बोगद्यातली तार आणि हवेतला फोन

लंडनची भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन आणि फॅरिंग्डन यांच्या दरम्यान धावू लागली. ती वाफेच्या इंजिनाची होती आणि तिचा मार्ग उथळ होता : रस्ता खणायचा, खाली रूळ टाकायचे आणि वर छत घालून रस्ता पूर्ववत करायचा. १८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वे सुरू झाली आणि विजेवर चालणारी गाडी प्रथमच खोल बोगद्यात उतरली. ओतीव लोखंडाच्या कड्या एकापुढे एक बसवून असे बोगदे घडवले जात. पुढे ठरलेल्या मापाच्या बोगद्यांचा आतला व्यास जेमतेम साडेतीन मीटर आहे. त्यामुळे या मार्गांवरच्या डब्यांचे छपरही गोलाकार ठेवावे लागते. नावाने भुयारी असली, तरी आजच्या सुमारे ४०० किलोमीटरच्या जाळ्यापैकी निम्म्याहून अधिक मार्ग उघड्यावर आहे. बोगद्यांचा वाटा साधारण ४५ टक्के. एवढ्या वाट्यात माणसाचा आवाज बिनतारी कसा पोहोचवायचा, हा प्रश्न पुढची शंभराहून अधिक वर्षे रेंगाळला.

प्रश्नाचा एक भाग निखळ भौतिकशास्त्राचा आहे. वीस-तीस मीटर जाडीच्या मातीच्या थरातून जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल खाली झिरपत नाही. तो फक्त बोगद्याच्या तोंडातून आत येऊ शकतो. तिथेही लहरीच्या लांबीचा आणि बोगद्याच्या रुंदीचा संबंध येतो. साडेतीन मीटर व्यासाच्या धातूच्या नळीत सुमारे ५० मेगाहर्ट्झहून कमी वारंवारितेच्या लहरी पुढे सरकतच नाहीत, थोड्याच अंतरात विरून जातात. मोबाइलच्या ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत शिरतात, सरळ बोगद्यात बऱ्यापैकी लांबही जातात. पण लंडनचे बोगदे सरळ नाहीत. जुन्या इमारतींच्या पायाखालून जाण्याची परवानगी टाळण्यासाठी अनेक मार्ग वरच्या रस्त्यांच्या वळणांनीच खणले गेले. शिवाय गाडी अशा बोगद्यात पिचकारीच्या दट्ट्यासारखी बसते. भिंत आणि डबा यांच्यामध्ये लहरींना वाट उरते ती अगदी थोडी. स्थानकाच्या टोकाला शक्तिशाली अँटेना लावला, तरी गाडी आत शिरल्यावर मागच्या डब्यातल्या प्रवाशाला जे मिळते, ते पुढच्या डब्यातल्याला मिळत नाही.

या अडचणीवरचा पहिला उपाय बिनतारी नव्हताच. लंडनच्या बोगद्यांच्या भिंतीवर, मोटरमनच्या खिडकीच्या उंचीला, तांब्याच्या दोन उघड्या तारा ओळीने ताणलेल्या असत. गाडी मध्येच थांबली की मोटरमन आपल्याजवळचा हँडसेट काढी, त्याचे दोन चिमटे खिडकीतून हात बाहेर काढून त्या तारांना लावी आणि नियंत्रण कक्षाशी बोले. त्याच तारांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते. दोन्ही तारा चिमटीत धरून एकमेकींना टेकवल्या की उपकेंद्रातला रिले सुटे आणि त्या टप्प्यातल्या रुळांचा वीजपुरवठा बंद पडे. प्रवाशांना गाडीतून उतरवून रुळांवरून चालवत न्यायचे असेल, तर ६३० व्होल्टचा प्रवाह आधी तोडावा लागे, आणि तो तोडण्याचा अधिकार या दोन तारांमुळे थेट मोटरमनच्या हाती आला. इतकी साधी, इतकी स्वस्त आणि इतकी भरवशाची व्यवस्था पुढच्या कोणत्याही रेडिओयंत्रणेला सहज साधली नाही. तिची मर्यादा मात्र उघड होती : चालत्या गाडीतून बोलता येत नसे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया मार्गावर गाडीला वीज पुरवणाऱ्या रुळांतूनच आवाजाचे संकेत पाठवण्याची सोय केली गेली, म्हणजे तिथेही वाहक धातूचाच होता.

चालत्या गाडीतून बाहेरच्या जगाशी बोलण्याची धडपड जमिनीवर त्याआधीच सुरू झाली होती आणि तिचा बहुतेक इतिहास आज विस्मरणात गेला आहे. अमेरिकेत १८८५ च्या सुमारास ल्युशियस फेल्प्सने आणि १८८७ मध्ये टॉमस एडिसनने रुळांलगतच्या तारांमध्ये विद्युत प्रवर्तनाने संदेश उतरवण्याची पद्धत वापरून पाहिली. एडिसनची यंत्रणा लीहाय व्हॅली रेल्वेवर बसवली गेली. गाडीच्या छतावरच्या धातूच्या पट्ट्यांतून निघालेले संकेत शेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांवर उडी घेत. ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकाने याच काळात अशाच यंत्रणेचे पेटंट मिळवले आणि एडिसनच्या बाजूने आलेल्या आव्हानापुढे ते टिकवले. तांत्रिकदृष्ट्या हे सगळे प्रयोग यशस्वी होते. व्यवसाय म्हणून मात्र ते उभे राहिले नाहीत, कारण गाडीत बसल्या बसल्या तार करण्याची निकड फारशा प्रवाशांना नव्हती.

१९१३ च्या अखेरीस लॅकावाना रेल्वेने मार्कोनी कंपनीची बिनतारी यंत्रणा चालत्या गाडीत बसवून स्क्रँटन आणि बिंगहॅम्टन या स्थानकांशी संपर्क साधला. १९२६ मध्ये जर्मनीत बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांच्या दरम्यानच्या गाड्यांत प्रवाशांसाठी टेलिफोन आला. डब्याच्या छतावर अँटेना होता, आणि त्यातून निघालेल्या लहरी मार्गालगतच्या तारायंत्राच्या तारांना धरून पुढे जात. १९३० मध्ये कॅनडियन नॅशनल रेल्वेने मॉन्ट्रियल ते टोरंटो या गाडीत अशीच सोय केली. या सर्व सेवांना ‘बिनतारी’ म्हटले गेले, पण त्यांतल्या बहुतेकींचा खरा आधार शेजारून धावणारी तारच होती. बोगद्यांत पुढे नेमके हेच तत्त्व उपयोगी पडणार होते.

जमिनीवरच्या या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९६९ चा. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन धावणाऱ्या मेट्रोलायनर गाडीत बेल कंपनीने नाणे टाकून बोलण्याचे फोन बसवले. सुमारे २२५ मैलांचा मार्ग ९ विभागांत वाटला. ४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या केवळ ६ वाहिन्या त्या विभागांत पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि गाडी एका विभागातून दुसऱ्यात गेली की फिलाडेल्फियातल्या संगणकाच्या मदतीने चालू संभाषण नव्या विभागाच्या केंद्राकडे सोपवले जाई. आज खिशातला फोन क्षणोक्षणी हेच करतो. मोबाइलचा इतिहास सांगताना १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मार्टिन कूपरने हातातल्या मोबाइलवरून केलेल्या पहिल्या कॉलचे नाव हमखास निघते. त्याच्या चार वर्षे आधी रेल्वेच्या डब्यात सामान्य प्रवासी पैसे टाकून ज्या पद्धतीने बोलत होते, तिचा उल्लेख क्वचितच होतो. हा अन्याय मोठा आहे, कारण मोबाइल सेवेचे मर्म फोन हलका असण्यात नव्हते. संभाषण न तुटता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाण्यात ते होते.

बोगद्यासाठी उपाय सापडला तो असा. साधी कोॲक्सियल केबल सिग्नल आत कोंडून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेते. तिच्या बाहेरच्या तांब्याच्या आवरणाला ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या, तर प्रत्येक खाचेतून थोडा सिग्नल बाहेर गळतो आणि बाहेरचा सिग्नल तिथूनच आतही शिरतो. अशी गळकी केबल बोगद्याच्या भिंतीला लावली की सगळी भिंतच अँटेना होते. गाडी कुठेही असो, ती केबलपासून हातभरच दूर असते. केबलच्या लांबीनुसार सिग्नल क्षीण होत जातो, म्हणून मधूनमधून तो वाढवणारी यंत्रे बसवावी लागतात. बेल प्रयोगशाळेच्या मंक आणि विंबिग्लर यांनी १९५६ मध्ये बोगद्यातल्या गाड्यांशी अशा पद्धतीने संपर्क साधण्याबद्दल लिहिले. पुढे बेल्जियम आणि ब्रिटन यांच्या कोळसाखाणींत या तंत्राचा कस लागला. म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत बोगद्यात बोलणे ही सुटलेली तांत्रिक समस्या होती. लंडनच्या प्रवाशाला बोगद्यात नेटवर्क मिळायला त्यानंतर आणखी जवळपास अर्धे शतक लागले. या विलंबाचे कारण तंत्रात नव्हते. केबल कोणाची, तिचा खर्च कोणाचा आणि ती कोणाकोणाला वापरू द्यायची, या वाटाघाटींत तो काळ गेला.

दरम्यान जमिनीवर एक वेगळीच सेवा आली आणि गेली. जानेवारी १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये सेलनेट आणि व्होडाफोन यांची मोबाइल सेवा सुरू झाली. फोन जड होते, महाग होते आणि मुख्यतः मोटारीतून फिरणाऱ्या व्यावसायिकांच्या कामाचे होते. सामान्य माणसाला परवडेल असा पर्याय म्हणून सरकारने जानेवारी १९८९ मध्ये ‘टेलिपॉइंट’चे चार परवाने दिले. कल्पना सुटसुटीत होती. घरातल्या कॉर्डलेस फोनची डिजिटल आवृत्ती नुकतीच तयार झाली होती, तिचे नाव सीटी-२. ८६४ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० वाहिन्या, आणि हँडसेटची शक्ती केवळ १० मिलिवॉट. हाच हँडसेट खिशात घालून बाहेर पडायचे आणि दुकान, पेट्रोल पंप किंवा रेल्वे स्थानक यांच्याबाहेर लावलेल्या छोट्या केंद्राजवळ उभे राहून फोन करायचा. घरी परतल्यावर तोच हँडसेट घरच्या फोनचे काम करी.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर या सेवेचे स्वरूप नीट कळते. आधी भिंतीवर कंपनीचे चिन्ह शोधायचे. केंद्रापासून साधारण शंभर मीटरच्या आत राहायचे. बटण दाबून केंद्राशी जोडणी झाली की नंबर लावायचा. बोलता बोलता चालत राहिले आणि टप्पा ओलांडला, तर संभाषण तुटे, कारण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे कॉल सोपवण्याची सोयच नव्हती. शिवाय फोन करता येई, घेता येत नसे. बाहेर असलेल्या माणसाला निरोप द्यायचा, तर त्याच्याकडे वेगळा पेजर असावा लागे. पेजर वाजला की चिन्ह शोधत निघायचे. सेल्युलर कंपन्यांचे क्षेत्र राखण्याच्या हेतूने परवान्याच्या अटींतही येणाऱ्या कॉलला स्थान दिलेले नव्हते.

ब्रिटिश टेलिकॉमच्या पुढाकाराने उभी राहिलेली फोनपॉइंट, मर्क्युरीची कॉलपॉइंट आणि फेरांटीची झोनफोन या तीन सेवा १९८९ पासून सुरू झाल्या. प्रारंभी त्यांची यंत्रणा एकमेकींशी जुळत नव्हती. एकीचा हँडसेट दुसरीच्या केंद्राजवळ निरुपयोगी ठरे. एकाच रस्त्यावर वेगवेगळी चिन्हे लागली, पण कोणत्याही एका ग्राहकाला त्यांतली थोडीच कामाची होती. सर्वांना समान ठरेल असे मानक ठरायला वेळ लागला, आणि ते ठरेपर्यंत १९९१ मध्ये या तिन्ही सेवा बंद पडल्या.

चौथा परवाना बार्कलेज, फिलिप्स आणि शेल यांच्या संयुक्त कंपनीकडे होता. तो पुढे हाँगकाँगच्या हचिसन समूहाकडे गेला. मे १९९२ मध्ये मँचेस्टरपासून ‘रॅबिट’ या नावाने ही सेवा सुरू झाली. आधीच्या तिघींच्या चुका तिने टाळल्या : समान मानक वापरले, देशभर सुमारे १२ हजार केंद्रे उभारली, घरातल्या वापरावर भर दिला. तरी ग्राहक मिळाले ते सुमारे १० हजार. म्हणजे ग्राहकांपेक्षा केंद्रेच जास्त. तोवर सेल्युलर कंपन्यांनी कमी बोलणाऱ्या ग्राहकांसाठी स्वस्त योजना काढल्या होत्या. सप्टेंबर १९९३ मध्ये वन-टू-वन ही नवी डिजिटल मोबाइल सेवाही लंडनमध्ये आली. १९९३ च्या शेवटच्या दिवशी रॅबिट बंद झाली. तिची चिन्हे दुकानांच्या भिंतींवर नंतरही बरीच वर्षे राहिली.

हचिसनने चार महिन्यांतच, २८ एप्रिल १९९४ रोजी, ‘ऑरेंज’ ही संपूर्ण मोबाइल सेवा बाजारात आणली. तिथून या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हचिसनच्या भागीदारीतली मॅक्स टच ही सेवा मुंबईत १९९५ मध्ये सुरू झाली. २००० मध्ये तिने ऑरेंज हेच नाव घेतले, पुढे ती हच झाली आणि २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेली. मुंबईकरांनी वापरलेल्या या नावामागे ब्रिटनमधल्या एका फसलेल्या सेवेतून शिकलेला समूह होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

टेलिपॉइंटची कल्पना इतर देशांतही रुजवून पाहिली गेली. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गमधल्या चाचणीनंतर १९९३ मध्ये पॅरिसला ‘बी-बॉप’ आली आणि १९९७ मध्ये संपली. नेदरलँड्समध्ये हीच सेवा ‘केर्मिट’ या नावाने चालली. हाँगकाँगमध्ये दाट वस्तीमुळे तिला बऱ्यापैकी ग्राहक मिळाले, पण १९९६ पर्यंत तीही आटोपली. जपानने मात्र या तंत्रातली मूळ उणीव दूर केली. जुलै १९९५ मध्ये सुरू झालेल्या पीएचएस सेवेत कमी शक्तीची छोटी केंद्रे तशीच ठेवून, कॉल घेण्याची आणि केंद्र बदलण्याची सोय केली होती. केंद्रे छोटी आणि स्वस्त असल्याने ती भुयारी स्थानकांत बसवणे सोपे गेले. मोठ्या टॉवरवर अवलंबून असलेले मोबाइल जिथे मुके होते, तिथे हा फोन चाले. १९९७ मध्ये पीएचएसचे ग्राहक ७० लाखांच्या घरात गेले. चीनमध्ये याच तंत्रावरची ‘शिआओलिंगथोंग’ सेवा ऐन भरात ९ कोटींहून अधिक ग्राहकांपर्यंत पोहोचली. भारतातही ‘मर्यादित संचार’ या नावाखाली असाच मधला टप्पा येऊन गेला. एमटीएनएलची ‘गरुड’ सेवा त्यातलीच. तिचा फोन ठरलेल्या परिसरापुरताच फिरता असे. नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत परवाना पद्धत आल्यावर ही मर्यादा उठली. लंडनच्या भुयारात मात्र यांपैकी कोणतीही सेवा प्रवाशांच्या उपयोगी आली नाही. तिथला बिनतारी संपर्काचा इतिहास अपघातांनी पुढे नेला.

२८ फेब्रुवारी १९७५ रोजी मूरगेट स्थानकात गाडी फलाटावर न थांबता बंद बोगद्याच्या भिंतीवर आदळली. ४३ माणसे गेली. चुरा झालेल्या डब्यांत कित्येक दिवस बचावकार्य चालले आणि खालच्या पथकांचे निरोप वर पोहोचवायला माणसांना जिन्यांवरून चढउतार करावी लागली, कारण नेहमीचे रेडिओसंच एवढ्या खोलीत चालत नव्हते. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. तिथे हजर असलेल्या रेल्वे पोलिसाचा रेडिओ भुयारात चालेना, म्हणून अग्निशमन दलाला वर्दी देण्यासाठी त्याला वर जमिनीवर यावे लागले. आग त्यानंतर काही मिनिटांत तिकीट कक्षात भडकली. मृतांची संख्या ३१ वर गेली. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालाने १९८८ मध्ये १५७ शिफारशी केल्या. भुयारात सर्व यंत्रणांना वापरता येईल अशा रेडिओसंपर्काची मागणी त्यांत होती.

धूम्रपानबंदी आणि लाकडी जिने हटवण्याच्या शिफारशी तुलनेने लवकर अमलात आल्या. रेडिओची शिफारस रखडली. १९९९ मध्ये लंडन अंडरग्राउंडने सगळ्या मार्गांसाठी एकच डिजिटल रेडिओयंत्रणा उभारण्याचा ‘कनेक्ट’ नावाचा करार केला. २००५ पर्यंत ते काम पूर्ण झाले नव्हते. ७ जुलै २००५ रोजी सकाळी तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ नागरिक ठार झाले. रसेल स्क्वेअरजवळच्या खोल बोगद्यात उतरलेल्या बचाव पथकांना पुन्हा एकदा निरोप्यांकरवी संदेश पाठवावे लागले. जमिनीवरचे मोबाइल नेटवर्कही गर्दीने तुंबले होते. ऑल्डगेट परिसरात तर पोलिसांच्या सूचनेवरून काही तास सामान्य ग्राहकांचे कॉल रोखून आपत्कालीन यंत्रणांना वाट करून दिली गेली. जून २००६ मध्ये लंडन असेंब्लीच्या समितीने आपल्या अहवालात फेनेल यांच्या शिफारशीला १८ वर्षे उलटूनही काम न झाल्याबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली. आपत्कालीन सेवांची एअरवेव्ह यंत्रणा २००९ च्या सुमारास बोगद्यांपर्यंत पोहोचली. तीन वेळा माणसांचे जीव गेल्यावर भुयारात रेडिओ आला, आणि तोही फक्त गणवेशातल्यांसाठी.

प्रवाशांच्या मोबाइलचा प्रश्न याच काळात चर्चेत होता. वॉटर्लू अँड सिटी या छोट्या मार्गावर चाचणी घेण्याची योजना आखली गेली, पण २००९ मध्ये ती सोडून दिली गेली. २०१२ च्या ऑलिंपिकपूर्वी ह्वावे कंपनीची उपकरणे वापरून सेवा देण्याचा प्रस्ताव आला, तोही २०११ मध्ये बारगळला. अडचण दर वेळी सारखीच होती. बोगद्यात काम करायला रात्री शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली गाडी सुटण्यापूर्वी जेमतेम तीन-चार तास मिळतात. त्यात वीज बंद करणे, साहित्य आत नेणे, काम करणे आणि सगळे आवरून बाहेर येणे बसवावे लागते. अशा कामाचा खर्च कोणत्याही एका कंपनीला झेपणारा नव्हता, आणि चार कंपन्या एकत्र यायला तयार नव्हत्या.

अमेरिकेत वॉशिंग्टन मेट्रोने वेगळी वाट धरली होती. १९९३ मध्ये बेल अटलांटिक कंपनीने मेट्रोच्या कर्मचाऱ्यांसाठी यंत्रणा उभारून द्यायची आणि बदल्यात बोगद्यात मोबाइल सेवेचा एकाधिकार घ्यायचा, असा सौदा झाला. सार्वजनिक संस्थेला खर्चाविना यंत्रणा मिळाली. पण इतर बहुतेक कंपन्यांच्या ग्राहकांना २००९ पर्यंत भुयारात रेंज मिळाली नाही. सोळा वर्षे बहुसंख्य प्रवाशांचे फोन बंद राहतील असा सौदा सार्वजनिक वाहतुकीने करायला नको होता.

लंडनने २०१२ मध्ये तात्पुरता मार्ग काढला. व्हर्जिन मीडियाशी करार करून जूनपासून स्थानकांत वायफाय सुरू झाले. ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात ते सर्वांना मोफत होते. फलाटावर, तिकीट कक्षात, सरकत्या जिन्यावर जोडणी मिळे, आणि गाडी बोगद्यात शिरली की तुटे. प्रवासी दोन स्थानकांमध्ये निरोप लिहून ठेवत आणि पुढच्या फलाटावर दारे उघडी असेपर्यंत पाठवून देत. वीस वर्षांपूर्वीच्या टेलिपॉइंटची रचना नेमकी हीच होती : सेवा ठिकाणाला बांधलेली, माणसाला नाही. या वेळी ती टिकली. कॉलला तुटलेली जोडणी चालत नाही, लिखित निरोपाला आणि ईमेलला चालते, हे त्याचे कारण. शिवाय प्रवाशाला वेगळा फोन विकत घ्यावा लागला नाही.

बोगद्यातले नेटवर्क शेवटी पुन्हा आपत्कालीन गरजेच्या रेट्याने आले. एअरवेव्हची जागा ४जी तंत्रावरच्या नव्या यंत्रणेला देण्याचे ब्रिटिश सरकारने ठरवले, आणि ती चालायची तर भुयारांतही ४जी हवे झाले. २०१७ मध्ये वॉटर्लू अँड सिटी मार्गावर चाचण्या झाल्या. मार्च २०२० मध्ये ज्युबिली मार्गावर वेस्टमिन्स्टर ते कॅनिंग टाउन या टप्प्यात बोगद्यांसकट ४जी सुरू झाले. त्याच महिन्यात कोविडची टाळेबंदी लागली आणि गाड्या रिकाम्या धावू लागल्या. जून २०२१ मध्ये लंडनच्या वाहतूक संस्थेने बीएआय कम्युनिकेशन्सला २० वर्षांचा करार दिला. ही कंपनी आता बोल्डिन नेटवर्क्स या नावाने ओळखली जाते. ती स्वतः ग्राहकांना फोनसेवा विकत नाही. केबल आणि यंत्रे तिची, आणि त्या काळच्या चारही मोबाइल कंपन्या भाडे देऊन त्यांवरून आपापला सिग्नल नेतात. कंपन्यांची यंत्रे जमिनीवर एकत्र ठेवलेली असतात, तिथून ऑप्टिकल फायबर स्थानकापर्यंत जाते, स्थानकात फायबरमधल्या प्रकाशाचे रेडिओलहरींत रूपांतर होते, आणि पुढे बोगद्यात तीच खाचांची केबल. २०२२ च्या अखेरीस सेंट्रल मार्गावर हॉलंड पार्क ते क्वीन्सवे आणि त्यानंतर लगेच नॉर्दर्न मार्गावर केंटिश टाउन ते आर्चवे या टप्प्यांत नेटवर्क आले. तिथून काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेले.

केबल एकाची आणि वापर सर्वांचा, ही व्यवस्था न्याय्य आहे आणि किफायतशीरही. पण भाड्याचा दर जुळला नाही, तर तीच अडून बसते. मुंबईत याचा अनुभव आला. मेट्रो ३ ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला, मे २०२५ मध्ये ती आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत गेली. एकूण ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. बोगदे नवे, लंडनच्या खोल बोगद्यांपेक्षा बरेच रुंद. केबल टाकायला शंभर वर्षांच्या जुन्या लोखंडी कड्यांची अडचण नव्हती. तरीही पहिल्या टप्प्यातल्या प्रवाशांना गाडीत नेटवर्क मिळाले नाही. मेट्रो प्रशासनाने बोगद्यातली सामाईक यंत्रणा उभारण्याचे काम एका त्रयस्थ कंपनीला दिले होते. मोबाइल कंपन्यांनी तिचे दर अवाजवी असल्याची तक्रार केली आणि स्वतःची यंत्रणा बसवू देण्याची मागणी केली. तिकीट काढायला आणि पैसे भरायला मोबाइलचाच वापर होत असल्याने स्थानकांत वायफायची सोय करावी लागली. लंडनने २०१२ मध्ये घेतलेला तात्पुरता आधार मुंबईने पहिल्याच दिवसांत घेतला. भुयारी मेट्रोच्या निविदेत रूळ, वीज आणि सिग्नलयंत्रणा यांच्या बरोबरीने मोबाइलच्या केबलची मालकी आणि तिचे दर आधीच ठरवून ठेवावे लागतात, हे आता मुंबईतही अनुभवाने सिद्ध झाले आहे.